घटस्फोटात व्यवसायाची किंमत कशी ठरते आणि वाटणी कशी होते

घर, सोनं, ठेवी यांची वाटणी करताना वाद होतात, पण निदान आकड्यावर फारसं भांडण नसतं. व्यवसायाचं गणित वेगळं आहे. एका बाजूचा सीए 40 लाख म्हणतो, दुसऱ्या बाजूचा 90 लाख, आणि दोघांनीही प्रामाणिकपणे काम केलेलं असू शकतं. नवख्या माणसाला इथेच धक्का बसतो. मग तो दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी तडजोड करून मोकळा होतो. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सगळ्यात महागडी चूक हीच. दोन आकडे वेगळे आले म्हणजे दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं काढलेली असतात. आधी प्रश्न पक्का करायचा: नेमकं काय मोजायचं, कोणत्या तारखेला, आणि कोणाच्या दृष्टीने. पुढच्या पायऱ्या त्या क्रमाने मांडल्या आहेत. वकिलाकडे जायच्या आधी वाचल्या तर पहिल्याच भेटीत कामाचं बोलता येईल.

पायरी 1: तुम्हाला लागू असलेला कायदा कोणता ते बघा

वाचलेला सल्ला दुसऱ्याच देशाचा निघाला, असं फार होतं. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन अशा अमेरिकेतल्या नऊ राज्यांत लग्नाच्या काळात कमावलेली मालमत्ता मुळातच दोघांची धरली जाते. बाकीच्या बहुतेक राज्यांत न्यायालय 'न्याय्य' वाटणी करतं, आणि न्याय्य म्हणजे निम्मी असं बंधन नाही. इंग्लंडमध्ये 2000 साली 'व्हाइट विरुद्ध व्हाइट' हा शेती-व्यवसायातल्या जोडप्याचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कमावणारा आणि घर सांभाळणारा यांच्यात भेदभाव नको आणि ठरवलेली वाटणी समानतेच्या मापाने ताडून बघावी, हे तत्त्व तिथे रुजलं. जर्मनीत, वेगळा करार केला नसेल तर, 1958 पासून तिसरीच रीत आहे. दोघांची मालमत्ता वेगळीच राहते, पण लग्नाच्या काळात कोणाची संपत्ती किती वाढली ते मोजतात आणि जास्त वाढ झालेल्याने फरकाच्या निम्मी रक्कम पैशांत द्यायची असते. व्यवसायाचा हिस्सा हातात मिळत नाही, त्याची किंमत मात्र मोजली जातेच.

भारतात लग्नामुळे एकाच्या नावावरचा व्यवसाय आपोआप दोघांचा होत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 मधलं कलम 27 लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंपुरतं आहे. कलम 25 खाली कायमची पोटगी किंवा एकरकमी रक्कम मिळते आणि ती ठरवताना दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता बघितली जाते. म्हणजे इथे व्यवसायाची किंमत वाटणीच्या दाराने न येता पोटगीच्या दाराने आत येते. पत्नी स्वतः भागीदार किंवा भागधारक असेल, तिने भांडवल घातलं असेल, तर तो हक्क वेगळा आणि तो तिचा स्वतःचा. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिथे मालमत्ता दोघांची सामाईक धरतात.

आणखी एक, कुठेही राहत असलात तरी: लग्नाआधी किंवा नंतर मालमत्तेचा करार केला होता का, ते पहिल्याच दिवशी तपासा. असा करार बंधनकारक आहे का, हे त्या त्या कायद्यावर अवलंबून आहे.

पायरी 2: व्यवसायाचा कोणता भाग हिशेबात धरायचा

लग्नानंतर दोघांच्या पैशांतून सुरू झालेला व्यवसाय असेल तर इथे फार थांबावं लागत नाही. गुंता होतो तो लग्नाआधी सुरू झालेल्या किंवा वारशाने आलेल्या व्यवसायाचा. मूळ व्यवसाय एकाचा असेल, पण पंधरा वर्षांत त्याची किंमत आठपट झाली असेल तर ती वाढ कोणाची?

अनेक ठिकाणी वाढीचे दोन भाग पाडतात. पती किंवा पत्नीने राबून, डोकं लावून जी वाढ घडवली ती एका बाजूला आणि बाजारभाव, महागाई, जमिनीची किंमत यामुळे आपोआप झालेली वाढ दुसऱ्या बाजूला. पहिली वाटणीत येते, दुसरी बहुतेक वेळा मूळ मालकाकडे राहते. ओक्लाहोमातल्या हॅरॉल्ड हॅम यांच्या खटल्यात याच मुद्द्यावर सगळं फिरलं. त्यांनी 1967 मध्ये तेलकंपनी सुरू केली होती आणि लग्न झालं 1988 मध्ये. कंपनीची वाढ मोठ्या प्रमाणात तेलाच्या दरासारख्या बाहेरच्या कारणांनी झाली, अशी त्यांची बाजू होती. 2014 मध्ये न्यायालयाने पत्नीला सुमारे एक अब्ज डॉलर दिले. ऐकायला प्रचंड, पण त्यांच्या शेअरांच्या एकूण किमतीचा तो छोटा भाग होता. तिने अपील केलं आणि दरम्यान 97.48 कोटी डॉलरचा धनादेश वटवला. निकालाचा लाभ घेतल्यामुळे तिचं अपील ऐकलं गेलं नाही. निकाल मान्य नसेल तर पैसे स्वीकारण्याआधी वकिलाला विचारा, इतकं तरी या प्रकरणातून प्रत्येकाने घ्यावं.

कॅलिफोर्नियात यासाठी दोन जुन्या खटल्यांवरून पडलेल्या पद्धती आजही वापरतात. 1909 च्या 'परेरा' पद्धतीत लग्नाआधीच्या भांडवलावर वाजवी परतावा मालकाला देतात आणि उरलेली वाढ दोघांची मानतात. 1921 च्या 'व्हॅन कॅम्प' पद्धतीत उलट दिशेने जातात. मालकाच्या कामाचा वाजवी पगार किती झाला असता ते काढतात, त्यातून घरखर्चाला दिलेली रक्कम वजा करतात, राहील ते दोघांचं आणि बाकी व्यवसाय मालकाचा. मेहनतीवर वाढलेल्या धंद्याला पहिली पद्धत जवळची, भांडवलावर किंवा बाजारावर वाढलेल्याला दुसरी. तुमच्या इथे ही नावं चालत नसली तरी वकिलाशी बोलताना विचार याच धाग्याने मांडता येतो.

पायरी 3: कागद गोळा करा

गेल्या तीन ते पाच वर्षांची आयकर विवरणपत्रं, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सगळ्या खात्यांची बँक स्टेटमेंट, येणी-देण्यांची यादी, मालाचा साठा, भागीदारीचा करारनामा किंवा कंपनीची नियमावली, जागेचे भाडेकरार, कर्जाची कागदपत्रं, विम्याच्या पॉलिसी. एवढं कोणीही सांगेल. पण मी सगळ्यात आधी मागायला सांगेन तो बँकेला दिलेला कर्जाचा अर्ज. कर्ज मागताना माणूस व्यवसाय भरभराटीचा दाखवतो, पुढच्या पाच वर्षांची विक्री मांडतो, साठ्याची किंमत चढी लावतो. घटस्फोटात तोच माणूस धंदा डबघाईला आल्याचं सांगत असेल, तर दोन्ही कागद शेजारी ठेवले की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

ज्या जोडीदाराने कधी हिशेबात लक्ष घातलं नाही, त्याच्यासाठी ही पायरी सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाची. 'मला त्यातलं काही कळत नाही' म्हणून सोडून देऊ नका. उत्पन्न आणि मालमत्ता उघड करायला लावण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी न्यायालयाकडे असतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं ठरवून दिलं आणि त्याचा नमुनाही सोबत जोडला. दुसऱ्याच्या ईमेलमध्ये शिरून, कपाट फोडून कागद काढायचा मोह मात्र टाळा. तो मार्ग बेकायदा ठरून तुमच्यावरच उलटू शकतो.

पायरी 4: खरा नफा काढा

सगळी लढाई इथे असते. गुणाकार कितीने करायचा यावर लोक तावातावाने बोलतात, पण ज्या नफ्याला गुणायचं तोच कच्चा असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मालक स्वतः चालवत असलेल्या लहान धंद्यात वह्यांमधला नफा आणि धंद्याची कमावण्याची ताकद यात फरक असतोच. हेराफेरी असतेच असं नाही. मालक स्वतःचा पगार मनाला येईल तेवढा लावतो, घरातल्या माणसाची जागा वापरतो, घरची गाडी धंद्याच्या खर्चात टाकतो. मूल्यांकन करणारा हे सगळं काढून, 'उद्या हा धंदा परक्याने चालवला तर किती उरेल' असा नफा बसवतो.

एक छपाईचा व्यवसाय घेऊ. वहीत वर्षाचा नफा, व्याज आणि कर धरण्याआधी, 18 लाख. मालकाने स्वतःचा पगार 6 लाख दाखवलाय. त्याच्या जागी नेमलेला व्यवस्थापक 15 लाख घेईल. घरचे खर्च धंद्यात पडलेत 5 लाखांचे. यंत्राची एकदाच झालेली मोठी दुरुस्ती 4 लाख. जागा मालकाच्या आईची, भाडं शून्य, बाजारभावाने 6 लाख झालं असतं. आता हिशेब: 18 मध्ये मालकाचा पगार 6 परत मिळवला, झाले 24. व्यवस्थापकाचे 15 वजा केले, 9. घरखर्चाचे 5 आणि दुरुस्तीचे 4 मिळवले, 18. भाड्याचे 6 वजा केले, उरले 12 लाख. समजा अशा व्यवसायाला वार्षिक नफ्याच्या चारपट धरतात. मग किंमत 48 लाख.

आता दुसऱ्या बाजूचा तज्ज्ञ म्हणतो, एवढ्या धंद्याला 9 लाखांचा व्यवस्थापक पुरे, आणि त्या गल्लीत भाडं 3 लाखच आहे. बाकी काहीही न बदलता नफा 21 लाख होतो आणि किंमत 84 लाख. फक्त दोन आकडे हलले. म्हणून तज्ज्ञाचा अहवाल हातात आला की शेवटचं पान सोडा आणि या दुरुस्त्यांचा तक्ता उघडा. प्रत्येक ओळीला आधार काय, तेवढंच विचारत जा. अशा जागेचं भाडं खरंच किती, अशा व्यवस्थापकाला पगार खरंच किती, हे बाजारात विचारून कळणारं आहे. त्यासाठी महागडा वाद नको.

या दुरुस्त्यांनी किंमत नेहमी वाढते, असा समज आहे. वरच्या पहिल्या हिशेबात ती कमी झाली: वहीतल्या 18 लाखांना चारने गुणलं असतं तर 72 आले असते. आणि अजून एक वजाबाकी राहिलीच. व्याजाआधीचा नफा धरला असेल तर येणारी किंमत संपूर्ण व्यवसायाची असते. त्यावर 12 लाखांचं कर्ज असेल तर मालकाच्या वाट्याचे 48 मधून 36 लाखच.

लपवालपवीचा संशय असेल तर फॉरेन्सिक अकाउंटंट लागतो. घटस्फोटाची कुणकुण लागल्यावर नवं मोठं कंत्राट पुढे ढकलणं, ग्राहकाला बिलं उशिरा पाठवणं, नातेवाइकाचं जुनं 'कर्ज' अचानक वहीत उगवणं, कामावर न येणाऱ्या माणसाला पगार सुरू होणं, हे नेहमीचे प्रकार. रोखीची विक्री दडवली असेल तर खरेदीवरून माग काढतात. कागद आणि शाई पूर्वीइतकीच खरेदी होत असेल आणि छपाईची विक्री मात्र तिसऱ्या हिश्शाने घटली असेल, तर उत्तर द्यायची जबाबदारी कोणावर येते ते उघड आहे. पण एक विचार करा: रोख दडवून कर चुकवला असेल आणि तुम्हीही त्या विवरणपत्रावर सही केली असेल, तर ते उघड करण्याआधी कर-सल्लागाराशी स्वतंत्रपणे बोला.

पायरी 5: पद्धत निवडा

पद्धती तीन. मालमत्तेवरून: यंत्रं, साठा, येणी यांची आजची किंमत, उणे देणी. जमीन, इमारती, गुंतवणूक धरून बसलेल्या किंवा तोट्यातल्या व्यवसायाला ही योग्य. उत्पन्नावरून: वर पाहिली तशी, किंवा पुढच्या काही वर्षांची रोकड अंदाजून ती आजच्या किमतीत आणणं. बाजारावरून: तसेच व्यवसाय कितीला विकले गेले ते बघून. ही ऐकायला सर्वांत सोपी, पण लहान खासगी धंद्यांच्या विक्रीची खात्रीलायक माहिती मिळणं कठीण.

चारपट कुठून आली, हे विचारायला लाजू नका. धंद्यात पैसे घालणाऱ्याला वर्षाला 25 टक्के परतावा हवा असेल तर 100 भागिले 25, म्हणजे चार. जोखीम जास्त तेवढा परतावा जास्त हवा आणि पट कमी. एकाच ग्राहकावर निम्मी विक्री असेल तर पट खाली येणारच.

पायरी 6: गुडविल आणि सवलती

धंद्याच्या नावाला, जागेला, ठरलेल्या ग्राहकांना जी किंमत असते ती व्यवसायाची गुडविल. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्याकडे लोक त्या माणसासाठी येतात, ती व्यक्तीची. अनेक न्यायालयं पहिली मोजतात आणि दुसरी सोडून देतात, कारण माणूस गेला की तीही जाते. न्यूयॉर्कमध्ये 1985 च्या 'ओब्रायन' निकालाने डॉक्टरकीचा परवानासुद्धा वैवाहिक मालमत्ता ठरवला होता. पुढे कायदा बदलला आणि 2016 पासून वाढलेली कमाईची क्षमता तिथे मालमत्ता म्हणून मोजत नाहीत. परीक्षा सोपी आहे. मालकाने शेजारी नवं दुकान थाटायचं नाही अशी अट न घालता कोणी हा धंदा विकत घेईल का? घेणार नसेल तर बरीचशी गुडविल माणसाबरोबर चाललीय.

सवलतींवर जपून राहा. खासगी कंपनीतला हिस्सा सहज विकला जात नाही म्हणून एक कपात, हिस्सा 50 टक्क्यांहून कमी म्हणून दुसरी कपात. दोन्ही मिळून किंमत बरीच खाली येते. खरा परका खरेदीदार कपात मागणारच. पण मालक धंदा विकणारच नसेल, तोच चालवणार आणि कमावणार असेल, तर त्याच्यापुरती ही कपात कशासाठी? मला हा प्रश्न रास्त वाटतो आणि काही न्यायालयांनाही वाटतो. 'मोकळ्या बाजारातली किंमत' धरायची की 'चालवणाऱ्याला असलेली किंमत', हे तज्ज्ञ नेमतानाच लेखी ठरवा. दोघांनी मिळून एकच तज्ज्ञ नेमला तर खर्च वाचतो आणि भांडणही बरंच आटोक्यात येतं.

पायरी 7: तारीख

वेगळं राहायला लागल्याची, अर्ज दाखल केल्याची की निकालाची? कायदा काही ठिकाणी ठरवून देतो, काही ठिकाणी न्यायालयावर सोडतो. मधल्या दोन-तीन वर्षांत धंदा दुप्पट होऊ शकतो किंवा बुडू शकतो. लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक फ्रँक मॅकोर्ट आणि त्यांची पत्नी जेमी यांच्यात 2011 मध्ये तडजोड झाली आणि जेमीला सुमारे 13 कोटी डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी संघ दोन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकला गेला. तिने तडजोड रद्द करायची मागणी केली, ती 2013 मध्ये फेटाळली गेली.

पायरी 8: वाटणीची रीत

सर्वसाधारणपणे एक जण व्यवसाय ठेवतो आणि दुसऱ्याला पैसे देतो. हातात रोख नसेल तर घर एकाला, धंदा दुसऱ्याला अशी अदलाबदल. तेही जुळत नसेल तर हप्ते. हप्ते स्वीकारत असाल तर व्याज, तारण आणि हप्ता चुकला तर काय, हे तिन्ही लेखी हवंच. धंदा बुडाला की विनातारण हप्तेही बुडतात.

विकून पैसे वाटणं हिशेबाला स्वच्छ, पण चालता धंदा घाईने विकला तर दोघांचंही नुकसान होतं. दोघांनी पुढेही भागीदार राहणं मी सहसा सुचवणार नाही. एकमेकांशी नीट बोलता येणारी जोडपी ते करतात, पण मग सही कोणाची, पगार किती, मतभेद झाले तर कोण कोणाला विकत घेणार, हे आधी ठरायला हवं. मालकी वाटून ताबा एकाकडे ठेवणं हा मधला मार्ग. 2019 मध्ये बेझोस दांपत्याने तसंच केलं: मॅकेन्झी यांच्याकडे दोघांच्या अ‍ॅमेझॉन शेअरांपैकी 25 टक्के गेले, मतदानाचा अधिकार जेफ यांच्याकडे राहिला. नोंदणीकृत बाजारात शेअर कधीही विकता येतात म्हणून हे जमलं. लहान खासगी कंपनीत ताबा नसलेला हिस्सा म्हणजे लाभांशाची वाट बघत बसणं, आणि लाभांश द्यायचा की नाही हे दुसराच ठरवणार.

आणखी भागीदार असतील तर हिस्सा देण्याघेण्यावर करारनाम्यात बंधन असतं. त्यांची संमती गृहीत धरू नका.

एकच उत्पन्न दोनदा मोजलं जातंय का, तेही बघा. पुढच्या वर्षांच्या नफ्यावरून व्यवसायाची किंमत काढली, त्याचा निम्मा हिस्सा दिला, आणि मग त्याच नफ्यावर पोटगीही बसवली, असं होऊ शकतं. देणाऱ्याने हा मुद्दा वेळेत मांडावा. घेणाऱ्याने उलट बाजू तपासावी: किंमत काढताना मालकाचा वाजवी पगार वजा केला असेल, तर त्या पगारावर पोटगी मागण्यात दुहेरी मोजणी नाही.

पायरी 9: सही करण्याआधी

कर कोणाच्या माथी पडणार ते करारात लिहा. अमेरिकेत घटस्फोटापोटी जोडीदाराला दिलेल्या मालमत्तेवर त्या क्षणी भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही, पण जुनी खरेदी किंमत सोबत येते. पुढे विकताना सगळा कर घेणाऱ्याला भरावा लागतो. रोख 50 लाख आणि आज 50 लाखांचे जुने शेअर म्हणूनच सारखे नव्हेत.

विक्रीचं कलम घाला: ठरलेल्या काळात व्यवसाय आजच्या किमतीपेक्षा जास्त भावाने विकला गेला तर वरच्या रकमेत दुसऱ्याचा वाटा किती.

आणि बँकेतल्या हमीपत्रांची यादी काढा. व्यवसायाच्या कर्जाला तुम्ही वैयक्तिक जामीन असाल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने ती जामिनकी सुटत नाही, कारण बँक त्या खटल्यात पक्षकारच नसते. कर्ज फेडून, नवं कर्ज घेऊन किंवा दुसरा जामीनदार देऊन बँकेकडून तुमचं नाव काढल्याचं पत्र घ्या. ते पत्र येईपर्यंत शेअर हस्तांतराच्या कागदावर सही करू नका. संचालक किंवा भागीदार म्हणून नाव असेल तर राजीनाम्याची नोंद सरकारी दप्तरात झाल्याची प्रतही फाइलला लावा.